थुंकी आत, खिळा बाहेर

आमच्या आत्याला सगळा बाजार खिळेबाई म्हणतो, आणि तिला ते आवडतं. कुणी आदराने मॅडम म्हणालं, तर दुकानात आणखी कोण आलंय म्हणून ती मागे वळून बघते. खुर्च्या, सोफे, बाक यांना गादी आणि कापड चढवणं हा तिचा धंदा. तिच्या आधी तो तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा होता. आता माझे बाबा आणि मीही त्यातच आहोत. बाबा फोम कापतात आणि हवेच्या बंदुकीने पिना मारतात, मी कापड बेतते आणि शिवते. पण बारीक खिळे तोंडात धरून हातोडीने ठोकणारी अख्ख्या बाजारात एकच, आमची आत्या. हे मी मिरवून सांगतेय. यात मिरवण्यासारखं काय आहे असं ज्याला वाटेल, त्याने आधी मूठभर खिळे तोंडात धरून दाखवावेत आणि मग बोलावं.

काम असं असतं. डाव्या हाताने कापड खेचून तंग धरायचं, उजव्या हातात हातोडी घ्यायची. दोन्ही हात अडकले, मग खिळा पुरवायचा कुणी? तोंडाने. खिळे गालात ठेवायचे आणि जिभेने एकेक फिरवून त्याचं डोकं ओठांबाहेर काढायचं. हातोडीचं एक टोक लोहचुंबकाचं असतं. ते ओठांशी नेलं की खिळा अलगद चिकटतो. मग लाकडावर हलका ठोका, खिळा उभा राहतो. हातोडी फिरवून दुसऱ्या टोकाने जोराचा ठोका, खिळा आत. टक्-ठाक. आत्या हे शिलाई मशीनच्या वेगाने करते, आणि सगळे खिळे एका ओळीत बसतात. आमच्या दुकानासमोर न्हावीकाकांचं दुकान आहे. त्यांचं गिऱ्हाईक अर्धी दाढी झालेली असताना मान वळवून तिच्याकडे बघत बसतं, म्हणून न्हावीकाका नेहमी कुरकुरतात.

आजोबांनी तिला हे शिकवलं तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. त्यांचा एकच नियम होता: थुंकी आत, खिळा बाहेर. हातोडी वर उचलायची, तेवढ्यात थुंकी गिळून टाकायची, म्हणजे ओठावर येणारा खिळा कोरडा येतो. ओला खिळा मखमलीवर डाग पाडतो आणि लाकडात जाऊन गंजतो. ओला खिळा दिसला की आजोबा तो उपटून काढायला लावायचे. आत्याने इतके उपटले की शेवटी तिच्या गळ्यालाच शिस्त लागली.

तोंडात खिळे असले की बोलता येत नाही, हे सांगायला नको. आणि एरवी आत्या किती बोलते ते विचारू नका. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगेल, की या रंगाचं कापड लावलंत तर बैठकीच्या खोलीत कुणीतरी कायम आजारी आहे असं वाटेल. तिने खिळ्यांचा डबा उघडला की बाबा हुश्श करायचे. कुणी लग्नाचा विषय काढला की ती शांतपणे मूठभर खिळे गालात टाकायची आणि हातोडी उचलायची. विषय काढणारे एकेक करून दमले. आत्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहिली, आमच्या घरात जेवली आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर बसली.

मग तिच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, किरणांचे उपचार झाले. गाठ गेली आणि परत आली नाही. दर तपासणीला डॉक्टर हेच सांगतात आणि दर वेळी आम्ही पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतो. पण त्या किरणांनी गाठीबरोबर तिच्या तोंडातलं पाणीही आटवलं.

तोंडाला कोरड पडणं म्हणजे काय, हे आपल्याला परीक्षेच्या वेळी कळतं आणि घोटभर पाण्याने आपण ते विसरतो. आत्याची कोरड पाण्याने जायची नाही. घोट घेतला की तेवढ्यापुरतं ओलं, लगेच जीभ पुन्हा टाळूला चिकटायची. पाण्याची बाटली तिच्या काखेतून सुटायची नाही. टोस्ट सुपात बुडवून, त्याचा लगदा करून ती कसाबसा गिळायची. बोलताना शब्द मध्येच अडकायचा, म्हणून तिने हळूहळू बोलणंच सोडलं. ज्या शांततेसाठी आम्ही इतकी वर्षं तरसत होतो ती मिळाली, आणि ती कुणालाच नको होती. बाबा मुद्दाम भांडण उकरून काढायचे. पिनांनी काम किती झटपट होतं, खिळ्यांचा जमाना गेला, असलं काहीतरी बरळायचे. एरवी या एका वाक्यावर आत्याने त्यांची दिवसभर खरडपट्टी काढली असती. आता ती नुसता हात झटकायची आणि वर निघून जायची.

अंगात थोडी ताकद आल्यावर एका सकाळी ती खाली आली, खिळे उकळून पुसून घेतले आणि गालात टाकले. पहिलाच खिळा जिभेला चिकटला. जीभ त्याला फिरवू शकेना. तिने तो ओठापर्यंत ढकलत आणला तर तो ओठाला चिकटून बसला, आणि हातोडीने ओढला तेव्हा सालपटासकट आला. खुर्चीवर क्रीम रंगाचं कापड होतं. त्यावर रक्ताचा ठिपका पडला. आत्याने बाकीचे खिळे हातात थुंकले, कापड उसवून काढलं, धुवायला टाकलं आणि वर गेली.

त्याच सुमाराला वाचनालयाचा सोफा आला. वाचनालयाच्या मोठ्या खोलीत खिडकीखाली असतो तो, चांगला पाच-सहा माणसं बसतील एवढा लांब. त्याला आजोबांनी कापड चढवलं होतं आणि त्यांच्या हाताखाली पोरसवदा आत्या होती. आता कापड विरलं होतं. बाबांनी जुनं कापड सोडवलं, खालची पट्टी बोटांनी चाचपली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. लाकूड जुनं, बारीक आणि जुन्या भोकांनी भरलेलं. बंदुकीची पिन मारली की ते चिरणार. तिथे खिळाच हवा, जुन्या भोकाच्या शेजारी नेमका टेकवलेला, आणि हलक्या हाताचा. खिळे वाटीत ठेवून हाताने एकेक उचलावेत, तर तेवढ्यात कापड सैल पडतं. आम्ही करून बघितलं. झुरळ चालून गेल्यासारखी ओळ झाली.

वाचनालयाचे ग्रंथपाल भला माणूस. घाई नाही म्हणाले. आत्याने सोफ्याच्या पाठीवर हात ठेवला, बाटलीतून एक घोट घेतला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "हा मी माझ्या तोंडाने करीन. नाही जमलं तर हातोडी खाली ठेवीन, पुन्हा उचलणार नाही."

आत्या बोलली म्हणजे बोलली. आमच्या घरात तिचा शब्द फिरवायची प्रथा नाही.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी मग तिला विजेच्या उपचाराबद्दल सांगितलं. गाठीचं आता काही शिल्लक नाही, तेव्हा करून बघायला हरकत नाही म्हणाले. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर फिजिओथेरपीचा विभाग होता. तिथल्या बाई तरुण, चष्मा डोक्यावर सरकवून बोलणाऱ्या. त्यांनी साबणाच्या वडीएवढं एक यंत्र दाखवलं. त्यातून दोन वायरी निघतात, वायरींच्या टोकांना चिकट पट्ट्या असतात. एकेक पट्टी दोन्ही गालांवर, कानाच्या जरा पुढे लावायची. गालात तिथेच लाळेच्या मोठ्या ग्रंथी असतात. यंत्र चालू केलं की वीज अगदी सौम्यपणे झिणझिणत आत जाते आणि ग्रंथींना निरोप पोचवणाऱ्या नसांना जागं करते. किरणांनी ग्रंथींचा काही भाग जळालाय, तो परत येणार नाही. पण काही भाग जिवंत असेल तर तो कामाला लागू शकतो. बाईंनी हेही सांगितलं की सगळ्यांना गुण येतोच असं नाही.

आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गालाला वायर लावून घ्यायला मी काय मिक्सर आहे?"

बाई हसल्या आणि त्यांनी पट्ट्या लावल्या. आत्या डोळे बारीक करून बसली. मग म्हणाली, मुंग्या येतायत. बाई म्हणाल्या, तेवढंच हवं. मुंग्या याव्यात, चावू नयेत.

सुरुवातीलाच लाळेचं माप घेतलं होतं. त्याची रीत अशी, की मान खाली घालून बसायचं, ओठांत एक छोटं नरसाळं धरायचं आणि थुंकी न गिळता, न थुंकता, आपोआप नळीत ठिबकू द्यायची. बाई घड्याळ लावून बसतात. आत्याच्या नळीत तळ ओला होण्यापुरतं काहीतरी जमलं. त्या नळीकडे बघून माझ्याच घशाला कोरड पडली. यंत्र घरी वापरायला दिलं, पण ते विभागाच्या मालकीचं. यंत्रं थोडी आणि वाट बघणारे पुष्कळ. काही आठवड्यांनी पुन्हा माप घ्यायचं. वाढ दिसली तर यंत्र तिच्याकडे राहणार, नाहीतर पुढच्या माणसाला जाणार. हे बाईंनी स्पष्ट सांगितलं आणि मला त्यांचा राग आला नाही.

घरी आत्या रोज सकाळ-संध्याकाळ दुकानाच्या दारात स्टुलावर बसून पट्ट्या लावायची. एकदा तिला वाटलं, थोड्याने थोडं तर जास्तीने जास्त. तिने बटण फिरवलं. गाल उडायला लागला आणि गालाबरोबर डोळा मिटायला लागला. समोर न्हावीकाका वस्तरा हातात घेऊन उभे. त्यांना वाटलं ही आपल्याला डोळा मारतेय. बिचारे दोन दिवस पडदा लावून बसले होते. आत्या त्यानंतर बटणाला बोट लावेना, बाईंनी दाखवलं होतं तेवढ्यावरच ठेवायची.

दिवस गेले. मला बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. पाण्याची बाटली पूर्वी दुपारच्या आत रिकामी व्हायची, ती आता संध्याकाळपर्यंत पुरायला लागली. एकदा बिस्किटाचा तुकडा तिने तसाच, न बुडवता खाल्ला. मी म्हटलं, आत्या, बरं वाटतंय ना? ती म्हणाली, मनाचे खेळ असतात. जन्मभर ती टेप गळ्यात घालून वावरलेली. डोळ्यांना सरळ दिसतं ते सरळ नसतं, मापाला सरळ येतं तेच सरळ, असं गिऱ्हाइकांना ऐकवणारी. नळी काय म्हणते ते बघू, एवढंच तिचं म्हणणं.

नळी काही चांगलं म्हणाली नाही. दुसऱ्या मापाला आत्या मान खाली घालून, ओठ मिटून, शिकवल्याप्रमाणे बसली. मी बाहेर बाकावर होते. दार उघडलं तेव्हा बाईंचा चष्मा डोक्यावर नव्हता, डोळ्यांवर होता, आणि मला काय ते कळलं. जवळजवळ पहिल्याइतकंच, त्या म्हणाल्या. आठवडा संपायच्या आत यंत्र आणून द्या. त्यांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. आत्याने त्यांचे आभार मानले. आत्याने असे सरळ आभार मानलेले मी प्रथमच ऐकले.

दुकानात शिरल्यावर वाचनालयाच्या सोफ्यावर टाकलेली चादर तिने नीट केली. मग खुंटीवरची आपली हातोडी काढली आणि माझ्या हातात दिली. दांडा तिच्या मुठीच्या आकाराने झिजलेला होता, माझ्या हातात तो नीट बसेना.

"तू शीक," ती म्हणाली. "सोफा तू करायचास."

मी नको म्हणणार होते. पण तिचं तोंड बघितलं आणि मूग गिळून गप्प बसले. बाबा फोमच्या ढिगाआड गेले आणि बराच वेळ तिकडेच काहीतरी शोधत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून शिकवणी सुरू झाली. एक मोडकी खुर्ची, जुनं कापड, आणि मी. आत्या समोर बुटक्या स्टुलावर. मी खिळे तोंडात टाकले तेव्हा आधी लोखंडाची चव आली आणि मग इतकी लाळ सुटली की हनुवटीवरून ओघळ. एका घरी पूर आणि शेजारी दुष्काळ, असा प्रकार. मला लाज वाटली. तिच्यासमोर एवढं पाणी वाया घालवायला कसंतरीच झालं. ती मात्र कामात होती. मी हातोडी उचलली की म्हणायची, "गिळ." मी विसरायचे. खिळा ओला यायचा. ती पक्कड पुढे करायची, म्हणजे उपट. पुन्हा हातोडी वर, पुन्हा "गिळ." माझी चिडचिड व्हायला लागली. खिळ्यांकडे बघून जमेना, म्हणून मी तिच्याकडे बघून करायला लागले. तिच्या गळ्याकडे.

हातोडी उचलली. तिचा गळा वर गेला, खाली आला.

मला वाटलं, मला दाखवायला करतेय. पुढच्या वेळी मी हातोडी नुसतीच अर्धी उचलली आणि थांबले. ती दाराबाहेर बघत होती, तिचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. हातोडी फक्त डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली असेल. गळा वर गेला, खाली आला.

मी खिळे हातात काढले.

"आत्या, तू काय गिळतेस?"

"मी कुठे काय गिळतेय?"

"आत्ता गिळलंस. मघाशीही गिळलंस. हातोडी उचलली की गिळतेस."

"सवय असेल. त्यात काय एवढं?"

"गिळलंस ते कबूल, पण गिळलंस काय? तोंड कोरडं असताना साधी गोळी गिळता येत नव्हती तुला पाण्याशिवाय."

आत्याने आपला हात गळ्यावर ठेवला. मी हातोडी पुन्हा उचलली, आणि या वेळी तिलाच तिच्या बोटांखाली कळलं. बसल्या जागी तिचा चेहरा बदलत गेला. मग तिने मान खाली घातली, ओठ मिटले, नळी धरल्यासारखे दोन्ही हात पुढे घेतले आणि माझ्याकडे बघितलं. मान खाली, ओठ मिटलेले, समोर काहीतरी धरलेलं. कामाला बसते तशीच ती माप द्यायला बसली होती. आणि कामाला बसलं की गिळायचं, हे तिच्या गळ्यात आजोबांनी इतकं पक्कं भरलं होतं की तिला कळलंही नव्हतं. पहिल्या मापाला गिळायला काही नव्हतंच. दुसऱ्या मापाला जे काही आलं ते सगळं आत गेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो आम्ही वायरी लावून घातला होता.

बाबा फोमआडून बाहेर आले, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आत्या म्हणाली, मेले असते तर तुला पिना मारायला रान मोकळं मिळालं असतं. आजारपणानंतरचा हा तिचा पहिला टोमणा. बाबा खुर्ची ओढून बसले आणि लहान मुलासारखे हसत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

आम्ही तडक विभागात गेलो. यंत्र माझ्या पिशवीत होतं, पण ते परत द्यायला मी नेलं नव्हतं. बाईंनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. असं कधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणाल्या, आणि लगेच नळी काढली. या वेळी त्या घड्याळाकडे न बघता आत्याच्या गळ्याकडे बघत बसल्या. आत्याने ओठ मिटले आणि दुसऱ्याच क्षणी गिळलं. बाई म्हणाल्या, गिळलंत. आत्या म्हणाली, छे. तिघीही हसलो.

मग बाईंनी मला आत्याच्या समोर बसवलं. आत्याचा हात माझ्या हातात. गळा हलायला लागला की मी हात दाबायचा, असं ठरलं. घड्याळ लागलं. मघाशी ती मला गिळ गिळ म्हणत होती, आता मी तिला डोळ्यांनी नको नको म्हणत होते. गळा उचलायला लागायचा, मी हात दाबायचे, तो थरथरून खाली बसायचा. तिच्या कपाळावर घाम आला. फ्रॉकमध्ये असताना शिकलेली गोष्ट तेवढ्या वेळापुरती विसरायची होती तिला. कापड तंग धरताना कधी थकली नसेल एवढी ती तिथे खुर्चीत नुसती बसून थकली. आणि तिच्या ओठांतून एक बारीक, पारदर्शक तार सुटली आणि नळीत उतरली. मग आणखी एक.

कुणाच्या तोंडातून लाळ गळताना बघून कुणाचा ऊर अभिमानाने भरून आला असेल का, मला माहीत नाही. माझा आला. हीच माझी आत्या, असं त्या विभागातल्या सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

बाईंनी नळी उजेडात धरली. पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त, त्या म्हणाल्या. आजाराच्या आधी असेल तेवढं नाही, आणि तेवढं कधी होईल असं मी सांगणार नाही. यात यंत्राचा वाटा किती आणि शरीर आपणहून सावरलं त्याचा किती, हेही नक्की सांगता येणार नाही. पण यंत्र काही मी परत घेत नाही. मग त्यांनी विचारलं, एवढं सगळं कशासाठी करताय, जेवणासाठी की बोलण्यासाठी? आत्याने सांगितलं, खिळे तोंडात धरायला. बाईंचा चष्मा डोक्यावरून घसरून नाकावर आला. दातांची काळजी, खिळ्यांची स्वच्छता, गिळले गेले तर काय, यावर त्यांनी आत्याला चांगलं सुनावलं. आत्याने मुकाट्याने ऐकून घेतलं. मी खिळे उकळून घेते, एवढंच म्हणाली.

सोफ्याला हात घालायला तिने आणखी थोडे दिवस घेतले. आधी मोडक्या खुर्चीवर एक खिळा, मग दोन, मग चिमूटभर. पूर्वीसारखी मूठभर आता ती घेत नाही. मधूनमधून थांबते, एक घोट पाणी पिते, पुन्हा सुरू करते. पूर्वीचा वेगही नाही. हे सांगायला तिला लाज वाटत नाही, मग मला का वाटावी?

सोफ्याच्या दिवशी मी तिची हातोडी तिच्यापुढे धरली. तिने मान हलवली. दिलेली वस्तू परत घ्यायची नाही म्हणाली, आणि वरच्या खुंटीवरची आजोबांची जड हातोडी काढून पदराने पुसली. कापड नेहमी मधोमध ठोकायला सुरुवात करतात आणि मग कोपऱ्यांकडे जातात, म्हणजे ते दोन्हीकडे सारखं खेचलं जातं. आम्ही दोघी सोफ्याच्या मध्यावर खांद्याला खांदा लावून बसलो. डावा कोपरा माझा, उजवा तिचा. पहिला खिळा अर्थात तिचाच. बाबांनी बंदुकीची हवा बंद केली. समोर न्हावीकाकांचं गिऱ्हाईक मान वळवून बसलं होतं, आणि न्हावीकाकाही.

आत्याने चिमूटभर खिळे गालात टाकले. बोलणं बंद झालं. तिने कापड खेचलं, हातोडी उचलली, आणि मी सवयीने तिच्या गळ्याकडे बघितलं.

गळा हलला नाही. तिने तो हलू दिला नाही.

ओठांत खिळ्याचं डोकं आलं. हातोडीने ते उचललं. आत्याने हातोडी लाकडाकडे न नेता माझ्या डोळ्यांसमोर आणून धरली. खिळा डोक्यापासून टोकापर्यंत ओला होता, आणि टोकाशी पाण्याचा एक थेंब थरथरत होता. तोंडात खिळे असल्यामुळे तिला हसता येत नव्हतं, पण डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

आजोबा असते तर त्यांनी पक्कड पुढे केली असती. मी केली नाही. तिने तो खिळा पट्टीच्या मधोमध टेकवला. टक्-ठाक. वर आता झालर आहे, बाहेरून काही दिसत नाही. वाचनालयात लोक त्या सोफ्यावर बसतात, पेपर वाचतात, डुलक्या काढतात. त्यांच्याखाली तो एक खिळा गंजत असेल. गंजू दे.